घर दोनदा जळते : शहापूर-मुरबाडच्या वाड्या, वणवा आणि दीडशे वर्षांचा कागद

धागा १/
आजचा धागा लांब आहे आणि थोडा कडवटही आहे. माहुली, गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट ही नावे आपल्याला पाठ असतात. शहाजीराजांना १६३६ साली माहुली कसा सोडावा लागला, हे आपण झोपेतही सांगू. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात हुतात्मा झाले, हेही आपण दरवर्षी लिहितो. परंतु गडाकडे जाताना ज्या वाडीत आपण पाणी मागतो, ते घर ज्या जमिनीवर उभे आहे ती कोणाच्या नावावर आहे, असे आपण कधी विचारले आहे काय? हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

२/
माझे म्हणणे आरंभीच सांगतो. ठाणे जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांत, जंगलकाठच्या आदिवासी वाडीतील घर दोनदा जळते. पहिल्यांदा आगीत आणि दुसऱ्यांदा पंचनाम्यात. पहिली आग कधी वाऱ्याची, कधी कोणाच्या निष्काळजीपणाची असते. दुसरी आग मात्र कायद्याने लावलेली आहे आणि ती १८७८ पासून धुमसते आहे. पहिली आग पूर्णपणे टाळता येईलच असे नाही. दुसरी टाळता येते. ती टाळण्याची रीत वाड्यांतील माणसांनी संघटित होऊन आपल्याला केव्हाच दाखवून दिली आहे. आपण ती आपत्तीच्या नियमांत आणली नाही, एवढेच.

३/
आधी भूगोल पाहू. सह्याद्रीच्या कुशीतला हा मुलूख साग, ऐन, खैर आणि कारवीचा. फाल्गुनापासून पाचोळा वाळतो, डोंगरउतारावरचे गवत पेंढ्यासारखे होते आणि पहिल्या पावसापर्यंत वणव्याचा हंगाम चालतो. वन विभाग जाळरेषा काढतो, तरीही दरसाल डोंगर पेटताना दिसतात. याच डोंगरांच्या पायाशी कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली यांच्या वाड्या आहेत. त्यांतील गरिबातल्या गरिबाचे घर कारवीच्या कुडाचे, वर गवत, पेंढा, कौल किंवा ताडपत्री. ठिणगीला याहून सोपे खाद्य नसते.

४/
आता कल्पना करा. चैत्रातील एक दुपार आहे. वाडीतील धडधाकट माणसे दिवाळीनंतरच भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली आहेत. ती पावसाच्या तोंडाशी परततील. मागे म्हातारी माणसे, काही मुले, शेळ्या. वारा फिरतो आणि चार घरे जळतात. दोन दिवसांनी पंचनामा होतो. पहिला प्रश्न असतो, घरमालक कुठे आहे? दुसरा, घराची नोंद कुठे आहे? तिसरा, जमीन कोणाची? घरमालक भट्टीवर, नोंद अर्धवट आणि जमीन तिसऱ्याच्याच सातबाऱ्यावर किंवा वनखात्याची. ही घटना काल्पनिक आहे. हे तीन प्रश्न मात्र काल्पनिक नाहीत.

५/
त्या प्रश्नांना किंमत आहे आणि ती रुपयांत मोजता येते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देण्याचे केंद्राचे निकष २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरले. आपत्तींच्या यादीत आगीचा समावेश आहे. घर पूर्ण नष्ट झाले, तर सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये. मग ते घर पक्के असो वा कच्चे. ‘झोपडी’ नष्ट झाली, तर ८ हजार रुपये. झोपडी म्हणजे कच्च्या घराहूनही हलका, गवत, माती, प्लास्टिक यांचा तात्पुरता निवारा, अशी व्याख्या त्यात दिलेली आहे.

६/
ही व्याख्या पुन्हा वाचा. कुडाच्या भिंती, गवताचे छप्पर. तीन पिढ्या ज्यात जन्मल्या आणि वारल्या, ते कच्चे घर की झोपडी? उत्तर राखेत सापडत नाही. ते पंचनामा लिहिणाऱ्याच्या लेखणीत असते. ‘कच्चे घर’ लिहिले तर १ लाख २० हजार, ‘झोपडी’ लिहिले तर त्याचा पंधरावा हिस्सा. दोन शब्दांतील अंतर १ लाख १२ हजार रुपयांचे. कातकरी कुटुंबाला वीटभट्टीच्या उचलीतून सुटायला इतकी रक्कम पुरेशी ठरू शकते. आणि ती न मिळाल्यास तेच कुटुंब पुढच्या हंगामात आणखी मोठी उचल घेऊन भट्टीवर जाते.

७/
त्याच निकषांत आणखी एक टीप आहे. नुकसान झालेले घर अधिकृत बांधकाम असावे आणि तसे सक्षम प्राधिकाऱ्याने प्रमाणित केलेले असावे. वरवर पाहता किती रास्त! सरकारी पैसा आहे, खातरजमा नको का? हवी. पण अधिकृत कोणाला म्हणायचे, हे ज्या कायद्यांनी ठरवले, ते कायदे झाले तेव्हा ही वाडी तिथे नव्हती काय? होती. वाडी होती आणि कायदा नंतर आला. इथेच आपल्याला मागे, एकोणिसाव्या शतकात जावे लागते.

८/
१८७८ चा भारतीय वन कायदा. राखीव जंगल ही कल्पना या कायद्याने पक्की केली. त्याआधी ठाणे-कुलाब्याचा शेतकरी आणि आदिवासी भाताच्या रोपांसाठी ‘राब’ करीत असे : झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पाचोळा, गवत, शेण यांचे थर देऊन रोपवाटिकेची जागा पावसाआधी भाजायची. तण मरते, राख खत होते, रोप जोमाने येते. आजही कोकणपट्टीत राब भाजतात. नव्या वनव्यवस्थेच्या दृष्टीने मात्र फांदी छाटणे ही लूट आणि राखीव जंगलात आग हा गुन्हा झाला. शेतीचे साधन असलेला विस्तव पोलिसी विषय बनला.

९/
इथे एक प्रामाणिक कबुली आवश्यक आहे. सगळेच वणवे आपोआप लागत नाहीत. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवणे, शिकारीसाठी रान उठवणे, राबाची आग नीट न विझवणे, या गोष्टी घडतात आणि त्यांनी नुकसान होते. पण सहलीला आलेल्यांची चूल, रस्त्यावरून फेकलेली विडी-सिगारेट, गवत लवकर मोकळे व्हावे म्हणून लावलेली काडी, हीही कारणे आहेत. समाजमाध्यमांवर डोंगर पेटल्याचे चित्र आले की खाली ‘आदिवासींनीच पेटवला’ हे वाक्य कोणताही तपास न करता येते. हा निवाडा आपला नाही. तो १८७८ च्या कायद्याने आपल्या तोंडी घातलेला आहे.

१०/
पुढे १९२७ चा भारतीय वन कायदा आला आणि तो आजही लागू आहे. त्याच्या २६ व्या कलमात एक विलक्षण तरतूद आहे. राखीव जंगलात कोणी हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर सरकार त्या जंगलातील चराईचे आणि वनोपजाचे सर्व हक्क हवा तितका काळ स्थगित करू शकते. काडी एकाची, शिक्षा साऱ्या वाडीला. ७९ व्या कलमानुसार जंगलात हक्क बजावणाऱ्या प्रत्येकावर आग विझवण्यास मदत करण्याचे बंधन आहे. म्हणजे आगीचा दोष वाडीचा आणि आग विझवण्याची वेठही वाडीचीच. त्या आगीत वाडी जळाली तर काय, याविषयी कायदा गप्प आहे.

११/
लोक त्या काळीही गप्प नव्हते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७८ च्या कायद्याला विरोध नोंदवला. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने गरीब शेतकऱ्याची कुरणे आणि राने हिरावल्याबद्दल झोड उठवली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारींचा इतका रेटा आला की मुंबई सरकारला वनप्रशासनाच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यावरणाचा लढा हे अलीकडचे फॅड आहे असे म्हणणाऱ्यांनी एवढे एक साल लक्षात ठेवावे. मात्र वादाचा केंद्रबिंदू राब, लाकूडफाटा आणि चराई हा राहिला. घराखालच्या जागेचा प्रश्न मागेच पडला.

१२/
हा प्रश्न सर्वांत अधिक बोचला तो कातकऱ्यांना. खैराच्या लाकडापासून काथ काढणारे ते काथकरी, कातकरी. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये त्यांचे आणि त्यांच्या काथाचे वर्णन आहे. जंगल राखीव झाले आणि खैर तोडणे गुन्हा ठरले. तेव्हा एका जमातीचा धंदा आणि तिच्या नावाचा अर्थ एकदमच संपला. पुढे कंत्राटदाराच्या कोळसाभट्ट्या, मग वीटभट्ट्या, मध्ये जमीनदाराच्या शेतावरची मजुरी. जिथे काम तिथे खोपट. मालकाने ‘राहा इथे’ म्हटले, म्हणून त्याच्या जमिनीच्या कडेला वाडी वसली. त्या तोंडी परवानगीचा कागद कोणी केला नाही, कारण मालकाला मजूर हवा होता, हक्कदार नको होता.

१३/
ब्रिटिशांना ही परिस्थिती ठाऊक नव्हती असे नाही. १९३६ मध्ये ‘अंशतः वगळलेली क्षेत्रे’ ठरली, त्यांत शहापूर तालुका होता. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तेथून वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्धच्या उठावाची ठिणगी तलासरी-डहाणूकडे गेली. गोदावरी परुळेकरांनी ती हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवली आहे. लक्षात घ्या, टिटवाळा हे आपल्या मुरबाड-शहापूरच्या उंबरठ्यावरचे गाव. संघटना ही या मुलखाला बाहेरून आणून चिकटवलेली वस्तू नाही.

१४/
स्वातंत्र्यानंतर कुळ कायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारी कुळे मालक झाली. कातकरी बहुतांशी कूळ नव्हता, मजूर होता. शेतजमीन त्याच्या वाट्याला आली नाही. पण थांबा. याच १९४८ च्या कायद्याच्या १६ ते १८ या कलमांत राहत्या घराचे संरक्षण आहे. जमीनमालकाच्या जागेवर स्वतःच्या खर्चाने बांधलेल्या घरातून कुळाला काढता येत नाही, त्या जागेचा मालकी हक्क त्याला मिळू शकतो, आणि १८ व्या कलमाने हेच संरक्षण शेतमजूर व कारागिरांनाही दिले आहे. मजुराच्या घराखालची जमीन मजुराची, हे आपल्या कायद्यात दशकानुदशके लिहिलेले आहे.

१५/
मग अंमल का झाला नाही? कारण कलम आपोआप चालत नाही. अर्ज करावा लागतो, आणि अर्ज ज्याच्याविरुद्ध करायचा त्याच्याच शेतावर उद्याची मजुरी असते. पुढे मुंबईलगतच्या जमिनींचे भाव चढले, मूळ मालकांनी जमिनी फार्महाऊस आणि वसाहतींसाठी विकल्या, आणि वाडीभोवती तारेचे कुंपण आले. रायगड-ठाण्यातील कातकरी वाड्यांच्या या कोंडीवर डॅनिएल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी ‘फायटिंग इव्हिक्शन’ हे पुस्तक २०१३ मध्ये लिहिले. वाडी तिथेच होती. मालक बदलत गेले, आणि प्रत्येक नव्या मालकाला ती ‘अतिक्रमण’ वाटत गेली.

१६/
वनजमिनीवरील वाड्यांची कथा याहून अजब. ३० ऑगस्ट १९७५ रोजी महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम अमलात आला आणि खाजगी जंगले एका दिवसात सरकारजमा झाली. त्या जमिनीवर राहणारी आणि कसणारी आदिवासी कुटुंबे आदल्या रात्री जिथे झोपली तिथेच सकाळी उठली. परंतु उठली ती अतिक्रमक म्हणून. कोणीही एक पाऊल पुढे टाकले नव्हते. सरकारी रेघच सरकून त्यांच्या घरावरून गेली होती. ‘बेकायदा घर’ हा शब्द वापरण्यापूर्वी, ते घर बेकायदा कोणी आणि कोणत्या तारखेला केले, हे विचारण्याची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

१७/
आता संघटनांकडे येऊ. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी राबणाऱ्या ‘लग्नगड्यां’ना सोडवण्यासाठी श्रमजीवी संघटना १९८० च्या दशकात वसईच्या परिसरात उभी राहिली आणि जिल्हाभर पसरली. मुरबाड-शहापूर भागात श्रमिक मुक्ती संघटनेने जमीन, जंगल आणि विस्थापन यांवर काम केले. मुरबाडच्या काळू धरणाचे काम वनपरवानगीविना सुरू झाले, तेव्हा हीच संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम थांबवले. मूठभर वाड्यांनी महानगराच्या तहानेला ‘आधी आम्हाला विचारा’ असे सांगितले.

१८/
या आणि देशभरच्या अशाच लढ्यांचे सर्वांत मोठे फलित म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या प्रस्तावनेत आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर शेती करणाऱ्या किंवा राहणाऱ्या आदिवासीला त्या जमिनीचा हक्क मिळतो, होय, राहण्याचाही. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हलवता येत नाही. परंतु माझ्या मते या कायद्यातील खरी क्रांती त्याच्या नियमांतील १३ व्या क्रमांकात आहे. ती पुराव्याची क्रांती आहे.

१९/
त्या नियमानुसार पुरावा म्हणजे केवळ सरकारी उतारा नव्हे. जागेवरचे घर, झोपडी, बांध, विहीर हा पुरावा. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती हा पुरावा. आणि दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्याने सांगितलेला, लिहून घेतलेला जबाब हाही पुरावा. महाराष्ट्रात तर वनखात्याने अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाच्या पावत्याच कित्येकांनी ताब्याचा पुरावा म्हणून पुढे ठेवल्या. ज्या कागदाने बापाला गुन्हेगार ठरवले, तो पत्र्याच्या पेटीत जपून ठेवून मुलाने हक्कदार होण्यासाठी वापरला. कागदपत्रांचा इतिहास शिकायचा असेल, तर याहून मोठा धडा दप्तरखान्यातही मिळणार नाही.

२०/
आता माझा आक्षेप नीट ऐका. जमिनीचा कायमचा हक्क देताना म्हाताऱ्याची साक्ष राज्याला चालते. मग जळालेल्या घरासाठी एकदाची मदत देताना ती का चालू नये? कायमच्या हक्कासाठी पुरावा सैल आणि तातडीच्या मदतीसाठी कडक, ही कोणती तर्कसंगती? ‘अधिकृत बांधकाम’ प्रमाणित करणारा सक्षम प्राधिकारी राज्य सरकारचाच आहे. वाडीच्या ग्रामसभेचा ठराव आणि वडीलधाऱ्यांचा जबाब हा प्रमाणपत्राचा आधार धरावा, असा आदेश काढण्याचे काम मुंबईतील मंत्रालयातच होऊ शकते.

२१/
हे स्वप्नरंजन आहे काय? जग पाहा. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिको उद्ध्वस्त केले. घरे वारसाहक्काने, तोंडी व्यवहाराने चालत आलेली. मालकीचा कागद नाही म्हणून असंख्य कुटुंबांची मदत अमेरिकेच्या ‘फेमा’ या आपत्ती यंत्रणेने नाकारली. स्थानिक वकील आणि वस्त्या संघटित झाल्या, त्यांनी शपथपत्राचा आग्रह धरला, आणि २०२१ मध्ये ‘फेमा’ने साऱ्या देशासाठी मालकीच्या पुराव्याचे नियम सैल केले. तिथे वादळ, इथे वणवा. प्रश्न तोच आणि उत्तरही तेच. कागद नसणे म्हणजे घर नसणे नव्हे.

२२/
वणव्याचेच उदाहरण हवे असेल, तर हवाई बेटांवरचे लाहायना घ्या. ८ ऑगस्ट २०२३ च्या आगीत शंभरावर माणसे दगावली आणि शहर बेचिराख झाले. राख निवते न निवते तोच जमीन विकत घेऊ पाहणाऱ्यांचे फोन सुरू झाले. लोकांच्या संतापानंतर राज्यपालांच्या आदेशाने न मागता दिले जाणारे खरेदीप्रस्ताव तिथे बंद झाले. ‘लाहायना स्ट्राँग’ या गटाने पर्यटकांच्या किनाऱ्यावर मुक्काम ठोकून, पर्यटकांसाठी राखलेली घरे आधी बेघरांना द्या, अशी मागणी केली. आगीनंतर पहिला हल्ला जमिनीवर होतो. शहापूरच्या महामार्गालगत ज्यांनी जमिनीचे भाव पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

२३/
‘सरकार कुठवर जागा देणार?’ असे विचारणाऱ्यांना इर्शाळवाडी आठवावी. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील ठाकूरवाडी दरडीखाली गेली. त्या गडावर आपल्यातले कितीतरी जण गेलेले. शासनाने कंटेनरमध्ये तात्पुरती सोय केली, पुढे सिडकोमार्फत नवी वसाहत बांधली. त्याआधी २०१४ मध्ये माळीणनंतरही नवे गाव उभे राहिले. त्या पुनर्वसनांतील दोष सांगता येतील. पण एक गोष्ट सिद्ध झाली. राज्याला जागा शोधता येते, घर बांधता येते. मग चार घरे जळाली की त्याच राज्याचे हात का बांधले जातात? मृतांचा आकडा आणि कॅमेऱ्यांची गर्दी हा न्यायाचा निकष होऊ शकत नाही.

२४/
दुसरा आक्षेप : यामुळे अतिक्रमणाला खतपाणी मिळेल, खोटे दावे येतील. खोटे दावे येतील, हे मान्य. ते सातबारा असलेल्यांकडूनही येतात. म्हणून आपण सातबारा रद्द करीत नाही, पडताळणी करतो. वाडीच्या भरसभेत, सर्वांच्या देखत, ‘हे घर इथे कधीपासून होते’ हे विचारणे ही कार्यालयात बसून केलेल्या पडताळणीपेक्षा कठोर परीक्षा आहे. शेजाऱ्याला फसवणे अधिकाऱ्याला फसवण्याहून अवघड असते. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनी पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून ग्रामसभा मिळण्याची वाट मोकळी केली आहे. यंत्रणा आहे, तिचा शब्द मानायचा आहे.

२५/
इथे आणखी एक विसंगती. शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, तर मुरबाडची काहीच गावे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रातील आदिवासी कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घर बांधता यावे म्हणून अधिसूचना काढली. तिचा लाभ शहापूरच्या वाडीला. मुरबाडमध्ये मात्र ओढ्याच्या अलीकडे नियम एक आणि पलीकडे दुसरा असे होऊ शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या पीएम-जनमन योजनेत कातकऱ्यांसारख्या विशेष दुर्बल जमातींसाठी प्रतिघर २ लाख ३९ हजार रुपयांची तरतूद आहे. पण घरकुल बांधायला पायाखाली स्वतःच्या नावाची जागा लागते. पैसा आला तरी प्रश्न तोच, जमीन कोणाची?

२६/
म्हणून मागण्या स्पष्ट शब्दांत.
एक : प्रत्येक वाडीतील प्रत्येक घराची ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, स्त्री-पुरुष दोघांच्या नावे, आग लागण्यापूर्वीच नोंद व्हावी.
दोन : कुळ कायद्याच्या घरठाणाच्या कलमांचे आणि वनहक्क कायद्याखालील राहत्या जागांचे दावे प्रशासनाने वाडीत येऊन भरून घ्यावेत.
तीन : पंचनाम्यात कुडाच्या राहत्या घराला ‘झोपडी’ म्हणू नये.
चार : स्थलांतरित कुटुंब हजर नसले तरी ग्रामसभेच्या साक्षीवर पंचनामा पूर्ण व्हावा, आणि ते परतेपर्यंत त्याची जागा कोणी बळकावू नये.

२७/
या चारांतील एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही. जुने कायदे, एखादा शासननिर्णय आणि आग्रह धरणारी माणसे पुरतात. आग्रहाचे काम वाड्यांनी आजवर केले आहे. मोर्चे काढले, दावे भरले, दंडाच्या पावत्या जपल्या. त्यांना तुमच्या दयेची गरज नाही. तुमच्याजवळ मात्र एक उपयोगी कौशल्य आहे. जुने नकाशे वाचणे, गॅझेटिअर धुंडाळणे, मोडी वाचणे, वृद्धांच्या आठवणी तारखेसह नोंदवणे. गडाच्या तटबंदीसाठी आपण हे हौसेने करतो. एखाद्या वाडीचे वय सिद्ध करण्यासाठी हेच कौशल्य वापरले, तर तो पुरावा म्हणून उभा राहू शकतो.

२८/
शेवटी एकच. तानसा तलाव १८९२ चा आणि पुढे भातसा धरण. दोन्ही शहापूर तालुक्यात. मुंबईत इमारतीला आग लागली की अग्निशामक बंब ज्या पाण्याने ती विझवतात, त्यात शहापूरचे पाणी असते. त्याच शहापूरच्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. पेटलेल्या छपरावर ओतायला हंडाभर पाणी कोठून येणार? पाणी आपण नेले, जंगल सरकारने नेले, जमीन मालकाने विकली. उरले ते एक कुडाचे घर. ते जळाल्यावर ‘हे तुमचे कशावरून?’ असे विचारण्यापूर्वी, पुढच्या वेळी माहुलीला जाताना त्या वाडीत थोडे थांबा. कोण कधीपासून इथे आहे, ते विचारा आणि लिहून घ्या. धागा इथे संपतो.